जुन्या गाडीचं कूलंट कुठून गळतंय ते स्वतः कसं शोधायचं

बॉनेट उघडून बघितलं तर कूलंटच्या बाटलीतली लेव्हल खाली गेलेली, आत्ता आत्ता तर भरलं होतं मग गेलं कुठे? जमिनीवर डाग नाही, टेंपरेचरचा काटा जागच्या जागी, म्हणून बरेच जण वरून थोडं ओततात आणि विषय सोडून देतात. कृपया असं करू नका. कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, ते काही पेट्रोल नाही जे जळून संपेल, ते त्याच त्याच पाइपांमधून गोल फिरत असतं. वर्षभरात बाटलीत थोडासा फरक पडला तर एकवेळ चालेल, पण महिन्या-दोन महिन्यांनी टॉपअप लागत असेल तर ते कुठून तरी जातंय हे नक्की समजा.

आणि दुसरं, हे जास्त महत्त्वाचं. गळतंय म्हटल्यावर लगेच रेडिएटर बदला, पंप बदला असे सल्ले यायला लागतात. जागा डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका. कारण जिथून थेंब पडतो तिथून गळत असेलच असं नाही, बहुतेक वेळा नसतंच. घराचं छत गळतं तेव्हा पाणी एकीकडून शिरतं आणि भलत्याच खोलीत टपकतं ना, इंजिनमध्ये अगदी तेच होतं, शिवाय पंखा असतो आणि गाडी पळताना वारा असतो त्यामुळे अजूनच गोंधळ. शांतपणे शोधलं तर बऱ्याच वेळा एखादी क्लिप नाहीतर एक पाइप एवढ्यावर काम भागतं.

आधी सेफ्टी, हा भाग उडी मारून पुढे जाऊ नका

गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. कधीच नाही, फडकं धरून हळूच उघडतो वगैरे पण नाही. कारण समजून घ्या म्हणजे लक्षात राहील. अर्धं कूलंट अर्धं पाणी असं मिश्रण उघड्या भांड्यात साधारण १०७ डिग्रीला उकळतं, पण गाडीत ते झाकणाने दाबून ठेवलेलं असतं, बऱ्याच गाड्यांत हा दाब १३ ते १६ पीएसआय म्हणजे साधारण एक बारच्या आसपास असतो, आणि १५ पीएसआय दाबाखाली तेच मिश्रण १२९ डिग्रीच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. आता इंजिन खूप तापलेलं असताना तुम्ही झाकण फिरवलं की दाब एका क्षणात जातो आणि आतलं सगळं एकदम उकळून वर उसळतं, सरळ तोंडावर आणि हातावर. इंजिन बंद करून दोन-तीन तास जाऊ द्या, त्याहून चांगलं म्हणजे सकाळी गाडी सुरू करायच्या आधी बघा. वरचा जाड पाइप हाताने दाबून बघायचा, गार आणि मऊ लागला तरच झाकणाला हात.

रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा चावी बंद असताना पण काही गाड्यांत अचानक फिरायला लागतो, तेव्हा पात्यांजवळ बोटं घालायची असतील तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. इंजिन चालू ठेवून बघणार असाल तर ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस सगळं आवरून घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, स्टँड लावूनच.

अजून एक गोष्ट लोक हसण्यावारी नेतात. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी आहे आणि चवीला गोड लागतं, म्हणून कुत्री मांजरं ते चाटतात आणि त्यात मरतात, लहान मुलांना पण तेवढाच धोका. सांडलं की लगेच पुसा, काढलेलं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवून आत जेवायला जाऊ नका. आणि "चाखून बघ, गोड लागलं तर कूलंट" असा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका.

गळतंय ते कूलंटच आहे का

गाडीखाली ओलं दिसलं म्हणजे कूलंट असं नाही. एसी चालवून आल्यावर खाली जे पाणी ठिबकतं ते स्वच्छ असतं, वास नाही, चिकटपणा नाही, ते नॉर्मल आहे. वायपरच्या टाकीतलं पाणी निळसर असू शकतं पण त्याला साबणासारखा नाहीतर स्पिरिटसारखा वास येतो. इंजिन ऑइल तपकिरी किंवा काळं, पॉवर स्टिअरिंग आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बऱ्याचदा लालसर. कूलंट हिरवं, गुलाबी, केशरी, निळं, पिवळं कसलंही असू शकतं, म्हणून आधी तुमच्या बाटलीत कुठला रंग आहे तो बघून ठेवा. पांढऱ्या टिश्यूवर थेंब टिपला की रंग कळतो, बोटांत चोळला की पाण्यापेक्षा बुळबुळीत लागतो आणि गोडसर वास येतो. हात लगेच धुवा.

लेव्हल नीट मोजा

गाडी सपाट जागेवर, इंजिन पूर्ण गार, मग बाटलीवर जिथे लेव्हल आहे तिथे टेपची बारीक पट्टी लावा आणि तारीख किलोमीटर मोबाइलमध्ये लिहून ठेवा. गरम झाल्यावर कूलंट फुगतं आणि लेव्हल वर जाते, म्हणून एकदा गरम असताना एकदा गार असताना बघितलं तर काहीच कळणार नाही, दर वेळी सकाळीच बघायचं. पाचशे किलोमीटरमध्ये बोटभर गेलं की एका दिवसात अर्धी बाटली गेली यावरून पुढे किती घाई करायची ते ठरतं.

इथे एक फरक माहीत पाहिजे. काही गाड्यांत रेडिएटरवर वेगळं झाकण असतं आणि बाजूला साधी प्लास्टिकची बाटली, ज्यात दाब नसतो, गरम झाल्यावर जास्तीचं कूलंट तिकडे जातं आणि गार झाल्यावर परत ओढलं जातं. दुसऱ्या प्रकारात बाटलीच दाबाखाली असते आणि दाबाचं झाकण तिच्यावरच असतं. पहिल्या प्रकारात बाटली भरलेली दिसूनसुद्धा रेडिएटर रिकामा असू शकतो, कारण झाकणाचा आतला छोटा व्हॉल्व्ह बिघडला की कूलंट परत ओढलं जात नाही. म्हणून अशा गाडीत गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून आत काठोकाठ आहे का ते बघाच. सकाळी वरचा पाइप चपटा होऊन आत ओढला गेलेला दिसला तर पहिला संशय त्या झाकणावर घ्या.

रात्रभर पुठ्ठा

गाडी रोजच्या जागी लावा, इंजिनखाली मोठा पुठ्ठा सरकवा आणि पुढची चाकं कुठे आहेत ते त्यावर पेनने मारून ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. अगदी पुढे असेल तर रेडिएटर नाहीतर त्याचे पाइप, बेल्टच्या बाजूला असेल तर वॉटर पंप, मागे केबिनच्या भिंतीजवळ असेल तर हीटरचे पाइप. हा फक्त अंदाज, निकाल नाही. खाली प्लास्टिकचं किंवा पत्र्याचं गार्ड असेल तर कूलंट त्यात साठतं आणि उताराने जाऊन भलतीकडूनच पडतं, मग ते गार्ड काढूनच ही टेस्ट करायला हवी.

पुठ्ठा कोरडा राहिला तर दोन शक्यता. एक, गळती गरम भागावर आहे आणि खाली पडायच्या आत वाफ होऊन जातेय. दोन, कूलंट इंजिनच्या आत किंवा केबिनच्या आत जातंय. दोन्हीकडे पुढे येतोच.

डोळे आणि टॉर्च

आता मुख्य काम. चांगला टॉर्च, छोटा आरसा आणि एक कोरडं फडकं घ्या. आधी इंजिनवरची धूळ आणि तेलकटपणा पुसून घ्या, जुन्या इंजिनवर इतका थर असतो की नवी ओल कुठली आणि जुनी कुठली ते कळतच नाही. पाण्याचा जोराचा फवारा मारू नका, वायरिंगच्या कनेक्टरमध्ये पाणी गेलं की नवीन दुखणं मागे लागेल.

तुम्हाला फक्त ओल शोधायची नाहीये, वाळलेली खूण पण शोधायचीये. कूलंटमधलं पाणी उडून गेलं की मागे पांढरट, हिरवट नाहीतर गुलाबी पापुद्रा राहतो, नखाने खरवडला तर भुसभुशीत निघतो, आणि ही खूण बऱ्याच वेळा थेंबापेक्षा जास्त खरं बोलते कारण ती गळतीच्या अगदी तोंडाशीच जमलेली असते. ओल दिसली तर तिथे थांबू नका, तिच्या वर बघा, मग त्याच्या वर, जिथे सगळ्यात उंचावर ओलं किंवा पापुद्र्याचं टोक सापडेल तिथे खरी जागा. पंखा पुढून मागे वारा मारतो, म्हणून मागे उडालेले शिंतोडे दिसले तर उगम पुढे असण्याची शक्यता धरा.

बघण्याचा क्रम असा ठेवा की सोप्यापासून अवघडाकडे. पहिलं झाकण. त्याच्या रबराला चिरा आहेत का, कडक झालंय का, ज्या तोंडावर ते बसतं तिथे गंज किंवा खड्डा आहे का. झाकणाच्या भोवती पापुद्रा असेल तर नवीन झाकण ही सगळ्यात सोपी दुरुस्ती, फक्त त्यावर लिहिलेला दाबाचा आकडा जुन्यासारखाच घ्या, जास्त दाबाचं लावलं तर इतर जुने पाइप फुटतील. मग बाटली, जुनं प्लास्टिक पिवळं पडून ठिसूळ होतं आणि जोडाच्या रेषेवर केसासारखी चीर जाते, ती गार असताना बंद असते आणि दाब आला की उघडते.

मग पाइप. वरचा, खालचा, हीटरचे दोन, आणि बऱ्याच गाड्यांत थ्रॉटल बॉडीकडे (इंजिनमध्ये जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) जाणारे बारीक पाइप असतात जे कुणी बघत नाही. प्रत्येक पाइप हाताने दाबा, वाकवा, पिळून बघा. चांगला पाइप दाबला की सोडल्यावर परत मूळ आकारात येतो. खूप मऊ, स्पंजासारखा लागला किंवा दाबल्यावर आत करकर वाजला तर तो गेलाय, बाहेरून नवा दिसत असला तरी. ऑइल गळून ज्या पाइपवर पडतं तो फुगतो. टोकापाशी जिथे क्लिप बसते तिथे वाकवून बघा, बहुतेक चिरा तिथेच असतात.

क्लिपांबद्दल थोडं जास्त सांगतो कारण इथे खूप वेळ वाचतो. स्क्रूची क्लिप काळाप्रमाणे सैल पडते, रबर दबून बसतं पण क्लिप तेवढीच राहते. स्प्रिंगची क्लिप स्वतःच दाब धरून ठेवते म्हणून कंपन्या ती वापरतात, तिला कमी समजून काढून टाकू नका. स्क्रूची क्लिप आवळताना पाइपच्या आत प्लास्टिकचं तोंड आहे का बघा, असेल तर जोर लावू नका, जुनं प्लास्टिक तडकतं आणि एका क्लिपच्या कामात पूर्ण रेडिएटरचं काम निघतं.

मग रेडिएटर. बऱ्याच गाड्यांत मधली जाळी अ‍ॅल्युमिनियमची असते आणि दोन टोकांच्या टाक्या प्लास्टिकच्या, जाळीच्या कडेला असलेली धातूची दाती वाकवून टाकी त्यावर दाबून बसवलेली असते, मध्ये रबराची रिंग. वर्षानुवर्षं गरम-गार होऊन ही रिंग कडक होते आणि त्या दात्यांच्या रेषेतून कूलंट पाझरायला लागतं. इथे टॉर्च एकदम तिरका धरा, समोरून मारलेल्या उजेडात काही दिसत नाही, पण बाजूने उजेड टाकला की दात्यांच्या फटीत बसलेले पापुद्र्याचे कण चमकतात, कधी कधी चार-पाच दात्यांपुरतेच. टाकीवर जिथे पाइपचं तोंड जोडलेलं असतं त्या मुळाशी पण बारीक चीर जाते, बोट फिरवून बघा, डोळ्यांना दिसत नाही ती नखाला लागते. खालचा ड्रेन प्लग विसरू नका. जाळीच्या मध्ये एखादीच हिरवट पट्टी उभी उतरलेली दिसली तर दगड लागून नळी फुटली असेल.

वॉटर पंपाला खालच्या बाजूला मुद्दाम ठेवलेलं एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये जाऊ नये म्हणून तिथून बाहेर यावं अशी ती सोय आहे. त्या भोकाजवळ थोडासा कोरडा डाग जुन्या पंपावर असतो, त्याने घाबरू नका, पण तिथून ओला ओघळ उतरत असेल तर पंप संपला. इंजिन बंद करून पुली हाताने हलवून बघा, खडखड हलली तर बेअरिंग पण गेलंय. काही इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो आणि कव्हरच्या आत लपलेला असतो, तिथे गळती बाहेर दिसतच नाही, कव्हरच्या खालच्या टोकातून थेंब येतात. अशा वेळी उशीर करू नका, कूलंटने भिजलेला टायमिंग बेल्ट खराब होतो आणि तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात.

राहिलं थर्मोस्टॅटचं (इंजिन गरम झाल्यावर कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) घर आणि त्याचं गॅस्केट, टेंपरेचर सेन्सर, प्लास्टिकचे जोड, आणि इंजिन ब्लॉकच्या बाजूला बसवलेल्या गोल पत्र्याच्या टोप्या, ज्यांना कोअर प्लग म्हणतात. वर्षानुवर्षं नुसतं पाणी घालून चालवलेल्या गाडीत या टोप्या आतून गंजतात आणि एखादीला टाचणीएवढं भोक पडतं. त्यातल्या काही एक्झॉस्टच्या मागे लपलेल्या असू शकतात, म्हणून आरसा लागतो.

प्रेशर टेस्टर, याच्याशिवाय अर्धी गळती सापडत नाही

नुसतं बघून सापडलं नाही तर अंदाज मारत बसू नका, कूलिंग सिस्टीमचा प्रेशर टेस्टर मिळवा. हा एक हातपंप असतो, त्यावर दाबाचा काटा आणि वेगवेगळ्या तोंडांची झाकणं. विकत घ्यायची गरज नाही, ओळखीच्या मेकॅनिककडून एक दिवस मागून आणा किंवा गाडी त्याच्याकडे नेऊन "आधी फक्त प्रेशर टेस्ट करा" एवढंच सांगा.

इंजिन गार पाहिजे. कूलंट पूर्ण भरा, झाकण काढून त्या जागी टेस्टर बसवा आणि झाकणावर जेवढा दाब लिहिलाय तेवढाच पंप करा, त्याच्या वर नाही. आता पंधरा-वीस मिनिटं काटा बघा. काटा हलला नाही तर सिस्टीम धरतेय. पटकन खाली आला तर मोठी गळती, आणि ती बहुतेक दिसतेच. हळूहळू खाली येत असेल तर इंजिन बंद असल्यामुळे पंख्याचा आवाज नाही, वारा नाही, सगळं शांत असतं, याचा फायदा घ्या, कान लावा, बारीक फसफस ऐकू येते, आणि टॉर्च घेऊन वर सांगितलेल्या क्रमाने परत एकदा फिरा. जिथे मघाशी नुसता पापुद्रा होता तिथे आता थेंब फुगताना दिसेल. फडक्याऐवजी कोरडा टिश्यू प्रत्येक जोडाखाली दाबून बघा, ओलाव्याने तो लगेच गडद होतो.

काटा उतरतोय पण बाहेर कुठेच ओल नाही, तर कूलंट आत जातंय. आणि त्याच टेस्टरला जोडणी लावून झाकण पण वेगळं तपासता येतं, ते लिहिलेल्या दाबाच्या आधीच सोडत असेल तर तेच दोषी. खूप जण हे करत नाहीत आणि झाकणामुळे जाणारं कूलंट पंपाच्या नावावर जातं.

गारच गळतं, गरमच गळतं

काही गळत्या फक्त थंड सकाळी होतात. धातू आणि प्लास्टिक आकसतं, रबर कडक असतं, क्लिपखालून थेंब थेंब येतं, गाडी चालू केल्यावर सगळं फुगून बसतं आणि गळती बंद. अशी गाडी दुपारी गॅरेजला दाखवली तर काहीच सापडणार नाही. प्रेशर टेस्ट पहाटे गार असताना करा. उलट काही चिरा पूर्ण गरम आणि दाब असतानाच उघडतात, त्यासाठी लांबची चक्कर मारून यायचं, इंजिन बंद करून लगेच बॉनेट उघडून टॉर्चने फक्त बघायचं, हात लावायचा नाही, वाफेची रेघ किंवा गोड वास कुठून येतोय ते टिपायचं. बंद केल्यानंतरची पहिली पाच-दहा मिनिटं महत्त्वाची, कारण कूलंट फिरायचं थांबतं आणि आतली उष्णता थोडा वेळ वाढतच जाते.

तरीही सापडत नसेल तर युव्ही डाय. कूलंटमध्ये टाकायचा रंग मिळतो, टाकून काही दिवस गाडी वापरा आणि अंधारात युव्ही टॉर्च मारा, गळतीची वाट पिवळी-हिरवी चमकते. आधी स्वच्छ केलेल्या इंजिनवरच याचा उपयोग. काही कूलंट मुळातच युव्हीत चमकतात, म्हणून डाय विकत घ्यायच्या आधी टॉर्च मारून बघा.

बाहेर काहीच नाही, मग आत

आधी केबिन. हीटरचा छोटा रेडिएटर डॅशबोर्डच्या आत असतो. तो गळायला लागला की काचेवर आतून चिकट धुकं येतं जे पुसलं तरी तेलकट राहतं, हीटर लावला की गोड वास येतो, पायाखालचा गालिचा ओला लागतो, विशेषतः ड्रायव्हरच्या शेजारच्या बाजूला किंवा मधल्या भागाजवळ. गालिचा वरून कोरडा असतो, त्याखालचा फोम दाबून बघा. तिथे एसीचं पाणी पण तुंबू शकतं, तेव्हा टिश्यूवर रंग बघा.

मग हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधलं सील. या शब्दाला सगळे घाबरतात, आणि एका खुणेवरून निकाल देऊन टाकतात, ते करू नका. इंजिन ऑइलच्या झाकणाखाली पांढरट मलईसारखं काही दिसलं तर ते थंड हवेत छोट्या छोट्या चकरा मारणाऱ्या चांगल्या गाडीत पण जमतं, आतली वाफ थिजून. डिपस्टिकवरचं ऑइल पण दुधाळ झालंय का आणि त्याची लेव्हल वाढलीये का ते बघा, मग काळजीचं कारण. सायलेन्सरमधून सकाळी निघणारी वाफ काही मिनिटांत थांबते, पण इंजिन गरम झाल्यावरही पांढरा गोड वासाचा धूर येत राहिला तर कूलंट जळतंय. गार इंजिन चालू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा पाइप दगडासारखा टणक होत असेल तर सिलिंडरचा गॅस कूलंटमध्ये घुसतोय, कारण एवढ्या लवकर उष्णतेने दाब तयार होत नाही. बाटलीत सतत बुडबुडे हीसुद्धा तीच खूण, पण नुकतंच कूलंट भरलं असेल तर हवा निघत असते, ते वेगळं.

खात्री करायला केमिकलची टेस्ट असते. एका नळीत निळं द्रव असतं, ती रेडिएटरच्या तोंडावर धरून इंजिन चालू ठेवून वरची हवा त्यातून ओढायची, सिलिंडरचा गॅस असेल तर निळ्याचं पिवळं होतं. त्या नळीत कूलंट ओढलं जाऊ देऊ नका, आधी लेव्हल थोडी कमी करा. स्पार्क प्लग काढले तर ज्या सिलिंडरमध्ये कूलंट जातंय त्याचा प्लग इतरांपेक्षा विचित्र स्वच्छ, धुतल्यासारखा दिसतो. दोन-तीन खुणा एकमेकांना जुळल्या तरच हेड उघडायचा निर्णय घ्या, आणि ते काम जाणकार माणसाकडेच द्या. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्या आत थंड होत असेल तर त्याची पण डिपस्टिक बघा, तेल गुलाबी दुधासारखं झालं असेल तर गाडी चालवू नका.

मध्येच रस्त्यावर काटा चढला तर

एसी बंद, हीटर फुल गरम आणि पंखा फुल, आणि सुरक्षित जागा दिसताच इंजिन बंद. पुढचं पेट्रोल पंप गाठतो म्हणून ओढू नका. आणि हे नीट लक्षात घ्या, कूलंट खूपच कमी झालं असेल तर सेन्सर हवेत राहतो आणि काटा खाली दाखवतो, म्हणजे काटा ठीक दिसतोय पण इंजिन जळतंय. चालू असलेला गरम हीटर अचानक थंड हवा मारायला लागला तर ती आधीची सूचना समजा. तापलेल्या इंजिनमध्ये थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो, पूर्ण गार होईपर्यंत थांबा. गार झाल्यावर अडचणीत साधं पाणी घालून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं, नंतर ते काढून योग्य मिश्रण भरा.

दुरुस्त झाल्यावर

गळती बंद करायची पावडर किंवा द्रव बाटलीत मिळतं, मी ते सुचवत नाही. ते गळतीचं भोक बुजवतं तसंच हीटरच्या बारीक नळ्या पण बुजवतं, आणि खरी जागा शोधणं पुढे अजून अवघड होतं.

कूलंट गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रकारचंच घ्या, रंग बघून ठरवू नका, कारण रंगाचा कुठला एक नियम नाही, एकाच रंगात वेगवेगळी केमिस्ट्री मिळते आणि चुकीची दोन मिसळली तर त्यातली गंज रोखणारी केमिकल्स काम सोडतात, काही वेळा गाळ पण होतो. घट्ट कूलंट असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बहुतेक ठिकाणी अर्धं अर्धं, ते मिश्रण उणे ३७ डिग्रीपर्यंत गोठत नाही. आधीच मिसळलेलं आणलं असेल तर त्यात परत पाणी घालू नका.

भरताना सावकाश ओता, हीटर फुल गरमवर ठेवा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून कूलंट सलग येईपर्यंत थांबा, गाडीचं नाक थोडं वर असेल तर हवा लवकर निघते. मग इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू ठेवा, खालचा पाइप गरम झाला आणि हीटरमधून गरम हवा आली की समजा कूलंट फिरतंय. आत हवा अडकली तर चांगलं इंजिन पण गरम होतं आणि लोकांना वाटतं दुरुस्ती फसली. काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा झाडाखाली ओतू नका, झाकणाच्या डब्यात भरून जुनं ऑइल जिथे घेतात तिथे विचारून द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेव्हल थोडी खाली दिसेल, उरलेली हवा निघाल्यामुळे, तेवढी भरा. मग टेपची पट्टी नव्या लेव्हलला लावा आणि पुढचा आठवडाभर रोज सकाळी एक नजर टाका, नवीन पाइप टाकला असेल तर दोन-तीन वेळा गरम-गार झाल्यावर स्क्रूच्या क्लिपा एकदा परत तपासून अर्धा फेरा आवळून घ्या.